लेऑनची घाई, वेम्बलीचा उशीर

इंग्लंडला फुटबॉलचा पहिला विश्वचषक मिळवून देणारे सर आल्फ रॅमसी यांनी राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक म्हणून ११३ सामने पाहिले. त्यांपैकी ६९ जिंकले, २७ बरोबरीत सुटले आणि १७ हरले. हिशेब इतका चोख असूनही त्यांचे नाव निघाले की बोलणे फिरून फिरून दोन सामन्यांच्या अखेरच्या मिनिटांवर येते. पहिला सामना १४ जून १९७० रोजी मेक्सिकोतील लेऑन शहरात झाला, दुसरा १७ ऑक्टोबर १९७३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर. पहिल्या सामन्यात त्यांनी खेळाडू फार लवकर बदलले, असा आरोप आहे. दुसऱ्यात फार उशिरा बदलले, असा आहे. एकाच माणसावर हे दोन्ही दोष लागावेत, यात वरकरणी विसंगती दिसते. मात्र त्यांचे आयुष्य क्रमाने पाहत गेले, तर दुसऱ्या आरोपाचे मूळ पहिल्यातच आहे असे मानायला बरीच जागा उरते.

आल्फ्रेड अर्नेस्ट रॅमसी यांचा जन्म २२ जानेवारी १९२० चा. गाव एसेक्स परगण्यातील डॅगेनहॅम. लंडनच्या पोटात ते अजून पुरते गेले नव्हते. आजूबाजूला शेते होती आणि वडिलांचा धंदा गवत व पेंढा विकण्याचा होता. घरची परिस्थिती बेताची. शाळा सुटताच आल्फ सहकारी किराणा दुकानात लागले आणि सायकलवरून घरोघर माल पोचवू लागले. १९४० मध्ये सैन्यात भरती झाली. त्यांना परदेशी रणांगणावर जावे लागले नाही. ब्रिटनमध्येच विमानवेधी तोफांच्या तळांवर नेमणूक झाली. शिस्त, नेमकेपणा, वरिष्ठ आणि कनिष्ठ यांमधले अंतर या गोष्टी त्यांनी तिथे उचलल्या आणि पुढे कधीच सोडल्या नाहीत. सैन्याच्या संघातून खेळताना साउदॅम्प्टन क्लबच्या लोकांची नजर त्यांच्यावर पडली आणि युद्धकाळातच ते त्या क्लबचे खेळाडू झाले.

खेळाडू म्हणून ते उजव्या बगलेचे बचावपटू. वेग त्यांच्याकडे कधीच नव्हता, आणि हे त्यांना स्वतःला इतरांपेक्षा चांगले ठाऊक होते. चपळ विंगर अंगावर धावून आला की शर्यत लावण्यात अर्थ नाही, तो कुठे येणार हे आधी ओळखून तिथे उभे राहावे, असा त्यांचा खेळ. चेंडू उगाच उंच उडवून मोकळे होण्यापेक्षा तो नेमका सहकाऱ्याच्या पायाशी देण्यावर भर. १९४८ च्या डिसेंबरात स्वित्झर्लंडविरुद्ध ते इंग्लंडकडून पहिल्यांदा खेळले. पुढच्या वर्षी टॉटनहॅम हॉटस्परने त्यांच्यासाठी २१ हजार पौंड मोजले. बचावपटूसाठी ही रक्कम त्या काळी डोळे विस्फारायला लावणारी होती. तिथे आर्थर रो यांच्या हाताखाली, चेंडू चटकन देऊन मोकळ्या जागेत धावायचे, ही खेळाची पद्धत आकाराला येत होती. त्या संघाने १९५० मध्ये दुसऱ्या श्रेणीचे आणि लगोलग १९५१ मध्ये पहिल्या श्रेणीचे विजेतेपद मिळवले. सहकारी रॅमसी यांना 'जनरल' म्हणत. मैदानावर ते धावण्यापेक्षा विचार अधिक करत, हे त्या नावातच आले.

इंग्लंडच्या फुटबॉलला त्या काळात दोन मोठे धक्के बसले आणि दोन्ही वेळी रॅमसी मैदानावर होते. १९५० च्या विश्वचषकात ब्राझीलमधील बेलो होरिझोन्ते येथे अमेरिकेच्या हौशी म्हणाव्या अशा संघाने इंग्लंडला १-० असे हरवले. मग २५ नोव्हेंबर १९५३ रोजी हंगेरीने वेम्बलीवर येऊन ६-३ असा पराभव केला. इंग्लंडचा तिसरा गोल रॅमसी यांनी पेनल्टीवर केला आणि तोच त्यांचा ३२ वा व अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना ठरला. साऱ्या देशाने हंगेरीच्या खेळापुढे हात जोडले असताना रॅमसी यांना मात्र तो पराभव टाळता आला असता असे वाटत राहिले. हा हट्टीपणा म्हणावा की अभ्यास? दोन्हींचे मिश्रण त्यांच्यात अखेरपर्यंत राहिले. बहुमत एका बाजूला गेले की ते शांतपणे दुसऱ्या बाजूला बसत आणि आपला हिशेब पुन्हा तपासत.

त्यांच्या स्वभावाबद्दल इथेच सांगून टाकलेले बरे. डॅगेनहॅमच्या श्रमिक वस्तीतला हा माणूस प्रौढ वयात विलक्षण सावध, तोलूनमापून, उच्चभ्रूंच्या धाटणीचे इंग्रजी बोले. त्यासाठी त्यांनी शिकवणी लावली होती अशी वदंता होती. त्यांनी ती नाकारली. पत्रकारांशी त्यांचे कधी जमले नाही. आपल्या निर्णयाचे कारण चारचौघांत सांगणे त्यांना कमीपणाचे वाटे. खेळाडूंशी मात्र ते सरळ आणि पक्के असत. संघातल्या माणसाला बाहेरच्या कोणापुढे कधी उघडे पाडत नसत. म्हणून खेळाडू त्यांच्यावर जीव टाकत आणि वार्ताहर त्यांच्या पडण्याची वाट पाहत. लेऑननंतर टीकेची जी झोड उठली, तिला हा जुना हिशेबही कारण होता.

१९५५ मध्ये खेळणे थांबवून ते इप्सविच टाउनचे व्यवस्थापक झाले. क्लब तिसऱ्या श्रेणीत, गाठीशी पैसा नाही, नावाजलेला खेळाडू नाही. सात वर्षांत त्यांनी जे केले ते इंग्लंडच्या क्लब फुटबॉलमध्ये क्वचितच घडले आहे. १९५७ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत आला, १९६१ मध्ये पहिल्या श्रेणीत आणि १९६२ मध्ये, पहिल्या श्रेणीतल्या पहिल्याच हंगामात, विजेता. युक्ती साधी होती. जिमी लेडबेटर नावाचा डाव्या बगलेचा खेळाडू वयाने पुढे सरकलेला आणि पायाने मंद. रॅमसी यांनी त्याला बगलेवर न धावडवता मागे ओढून घेतले. त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या बचावपटूला पुढे जावे की मागे थांबावे ते कळेना, आणि त्या गोंधळात लेडबेटर रे क्रॉफर्ड व टेड फिलिप्स या आघाडीवीरांना चेंडू पुरवत राहिला. स्वतःच्या संघातले उणे हेच प्रतिस्पर्ध्याचे कोडे करून टाकायचे, अशी ही रीत. ती अमलात यायची सामन्याआधी, कागदावर आणि सरावात. खेळ सुरू झाला की त्यांचे काम बहुतांशी संपलेले असे. पुढच्या साऱ्या कथेच्या दृष्टीने हे लक्षात ठेवायला हवे. शिवाय १९६२ च्या ऑगस्टमध्ये टॉटनहॅमने ही युक्ती ओळखून इप्सविचला त्यांच्याच मैदानावर ५-१ असे झोडपले. एकदा मांडलेला डाव समोरच्याने ओळखला तर ऐन खेळात काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर रॅमसी यांच्याकडे तेव्हाही तयार नव्हते.

राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आले ते एका अटीवर. तोपर्यंत इंग्लंडचा संघ निवड समिती ठरवत असे आणि प्रशिक्षकाने तो चालवायचा असे. संघ मी एकटा निवडीन, असे रॅमसी यांनी बजावले आणि फुटबॉल संघटनेला ते मान्य करावे लागले. संघटनेतल्या ज्यांचा निवडीचा मान गेला, त्यांतल्या काहींनी हे मनात धरून ठेवले. १९६३ च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये पहिलाच सामना फ्रान्सने ५-२ असा जिंकला. त्याच वर्षी रॅमसी यांनी १९६६ चा विश्वचषक इंग्लंड जिंकेल असे जाहीरपणे सांगितले तेव्हा अनेकांनी हसण्यावारी नेले.

१९६६ ची कथा सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा तिचा विस्तार नको. निव्वळ विंगर वगळून चार मध्यरक्षकांची रचना, जखमी झालेल्या जिमी ग्रीव्ह्जच्या जागी आलेला जेफ हर्स्ट, ग्रीव्ह्ज बरा होत आला असतानाही अंतिम सामन्यात हर्स्टलाच कायम ठेवण्याचा निर्णय. फ्रान्सविरुद्धच्या सामन्यात नॉबी स्टाइल्सने केलेल्या दांडगाईवरून त्याला वगळा असा वरून दबाव आला, तेव्हा रॅमसी यांनी राजीनाम्याची तयारी दाखवली. स्टाइल्स संघात राहिला. ३० जुलैला पश्चिम जर्मनीच्या वेबरने अगदी शेवटच्या मिनिटाला २-२ अशी बरोबरी साधली. थकून गवतावर बसलेल्या खेळाडूंना रॅमसी यांनी उठून उभे राहायला सांगितले, जर्मनांची दमछाक बघा म्हणाले, आणि अतिरिक्त वेळेत इंग्लंड ४-२ असे जिंकले. पुढच्याच वर्षी त्यांना 'सर' ही पदवी मिळाली.

या विजयातली एक गोष्ट मात्र सहसा कोणी बोलत नाही. १९६६ च्या विश्वचषकात बदली खेळाडूचा नियमच नव्हता. मैदानात उतरलेल्या अकरांनीच सामना संपवायचा. कोणी जायबंदी झाला तर दहांनी. म्हणजे हर्स्ट की ग्रीव्ह्ज, हे ठरवायला रॅमसी यांच्याकडे दिवसन् दिवस होते. शांतपणे, एकट्याने, पूर्ण विचारान्ती केलेल्या निवडीत त्यांच्यासारखा माणूस मिळणे कठीण. चार वर्षांनी मेक्सिकोत विश्वचषकाने प्रथमच प्रत्येक संघाला सामन्यात दोन बदल करण्याची मुभा दिली आणि प्रशिक्षकाच्या कामाचे स्वरूपच पालटले. आता घड्याळ चालू असताना, प्रेक्षकांच्या गदारोळात, काही सेकंदांत निर्णय घ्यायचा होता. हे कौशल्य वेगळे आहे. ज्याला पहिले येते त्याला दुसरे येईलच असे नाही.

मेक्सिकोची मोहीम सुरुवातीपासून अडखळतच गेली. कोलंबियात बोगोटा येथे कर्णधार बॉबी मूरवर ब्रेसलेट चोरल्याचा आळ घेऊन त्याला अडकवून ठेवले गेले. तो उशिरा संघाला येऊन मिळाला. मेक्सिकोतील लोक आणि वृत्तपत्रे यांना रॅमसी यांचा तुटकपणा खटकला होता, आणि ब्राझीलशी सामना होण्याच्या आदल्या रात्री ग्वादालाहारात संघाच्या हॉटेलबाहेर लोकांनी मुद्दाम गोंगाट करून खेळाडूंची झोप उडवली. तो सामना इंग्लंड १-० असा हरले, पण रुमानिया आणि चेकोस्लोव्हाकियाला हरवून उपांत्यपूर्व फेरीत पोचले. समोर पुन्हा पश्चिम जर्मनी. सामना लेऑनला, समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर, भर दुपारी बाराला, कारण युरोपातल्या दूरचित्रवाणीला ती वेळ सोयीची. त्यातच गोलरक्षक गॉर्डन बँक्सचे पोट बिघडले आणि पीटर बॉनेटीला ऐनवेळी उतरवावे लागले.

तरीही इंग्लंड पहिला तासभर सुरेख खेळले. ३१ व्या मिनिटाला ॲलन मलरीने आणि मध्यंतरानंतर लगेच, ४९ व्या मिनिटाला, मार्टिन पीटर्सने गोल केला. दोन्ही गोलांना चेंडू पुरवला तो उजवा बचावपटू कीथ न्यूटन याने. हा तपशील महत्त्वाचा आहे. विंगर नसलेल्या रॅमसी यांच्या रचनेत बगलेवरून धावायचे काम न्यूटन आणि टेरी कूपर या दोघा बचावपटूंचे होते. मागे येऊन राखण करायची, पुन्हा पुढे पळायचे. आणि वर तळपते ऊन.

जर्मन प्रशिक्षक हेल्मुट श्योन यांनी मध्यंतरानंतर काही मिनिटांत युर्गेन ग्राबोव्स्की या ताज्या दमाच्या विंगरला उतरवले, तो नेमका थकलेल्या कूपरच्या अंगावर. ६८ व्या मिनिटाला फ्रान्झ बेकेनबाउअरने मलरीला चुकवून मारलेला सरपटता चेंडू बॉनेटीच्या अंगाखालून गोलमध्ये गेला. २-१. त्यानंतर दोनेक मिनिटांत रॅमसी यांनी बॉबी चार्ल्टनला बाहेर बोलावले आणि कॉलिन बेलला पाठवले. ८१ व्या मिनिटाला पीटर्सला काढून नॉर्मन हंटरला आणले. पुढच्याच मिनिटाला उवे झेलरने पाठमोऱ्या स्थितीत डोक्याच्या मागच्या भागाने चेंडू गोलमध्ये टाकला. अतिरिक्त वेळेत १०८ व्या मिनिटाला गेर्ड म्युलरने तिसरा गोल केला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता.

त्या दिवसापासून एक गोष्ट लोककथेसारखी सांगितली जाते. ती अशी, की चार्ल्टन मैदानात होता तोवर त्याच्यावर लक्ष ठेवण्यात बेकेनबाउअर अडकून पडला होता. रॅमसी यांनी चार्ल्टनला काढले, बेकेनबाउअर मोकळा सुटला आणि त्याने सामना फिरवला. गोष्ट ऐकायला पटते, पण घटनाक्रमात ती बसत नाही. बेकेनबाउअरचा गोल झाला तेव्हा चार्ल्टन मैदानातच होता. बेल उतरायच्या तयारीत होता, हे खरे. म्हणजे बदलाचा विचार आघाडी दोन गोलांची असतानाच झालेला होता, घाबरून नव्हे. शिवाय हा बदल रॅमसी यांना नवा नव्हता. ब्राझीलविरुद्धही त्यांनी चार्ल्टनला साधारण तासाभराने बाहेर घेऊन बेललाच पाठवले होते. चार्ल्टन ३२ वर्षांचा, त्याचा हा १०६ वा सामना, आणि तीनच दिवसांनी उपांत्य सामना खेळायचा होता. बेल हा त्या संघातल्या सर्वांत दमदार खेळाडूंपैकी एक. आल्यावर त्याने बगलेवरून दिलेल्या चेंडूवर हर्स्टचा हेडर गोलखांबाला जेमतेम चुकवून गेला. तो आत गेला असता तर गुण ३-१ झाले असते आणि चार्ल्टनची शक्ती राखून ठेवल्याबद्दल त्याच वृत्तपत्रांनी रॅमसी यांची दूरदृष्टी वाखाणली असती.

मग रॅमसी यांचे काहीच चुकले नाही का? चुकले, पण बोट ठेवायचे ते दुसरीकडे. उपांत्य सामन्याची तरतूद उपांत्यपूर्व सामना हातात येण्याआधी केली, हा पहिला दोष. तुलनेने तो लहान. खरा दोष दुसऱ्या बदलाचा. गळती लागली होती ती डाव्या बाजूला. ग्राबोव्स्की कूपरला वारंवार मागे टाकत होता आणि हे स्टेडियममधल्या हजारोंना दिसत होते. श्योन यांनी आपला ताजा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत थकलेल्या जागी लावला. रॅमसी यांनी आपले दोन्ही ताजे खेळाडू मध्यफळीत खर्च केले. हंटर डाव्या पायाचा, कणखर, मुळात बचावपटूच. त्याला कूपरच्या मदतीला किंवा जागी धाडता आले असते. त्याऐवजी तो पीटर्सच्या जागी आला. पीटर्स म्हणजे कोणाच्या नकळत गोलजवळ प्रकटणारा खेळाडू. त्याला काढल्याने इंग्लंडने पुढे जाण्याचा विचार सोडला हे जर्मनांना आयते कळले. आणि बरोबरी झाल्यावर गोल करायची वेळ आली तेव्हा रॅमसी यांच्या हाती एकही बदल शिल्लक नव्हता. म्युलरचा निर्णायक गोलही उगवला तो तिथूनच. ग्राबोव्स्की कूपरला चुकवून गेला, त्याने चेंडू पलीकडे टाकला, ल्योरने तो डोक्याने परतवला आणि म्युलरने जवळून ठोकला.

परतीच्या विमानात चार्ल्टनने रॅमसी यांना आपण आता इंग्लंडकडून खेळणार नसल्याचे सांगितले. बॉनेटीही पुन्हा कधी इंग्लंडच्या गोलमध्ये उभा राहिला नाही. देशाने पराभवाचे निम्मे खापर त्याच्या माथी फोडले होते. सामन्यानंतर चार दिवसांनी ब्रिटनमध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली, हॅरल्ड विल्सन यांचा मजूर पक्ष अनपेक्षितपणे हरला, आणि काहींनी त्याचाही संबंध लेऑनशी जोडला. खेळाच्या पराभवाला किती माणसे लटकावीत याला धरबंध नसतो, हेच खरे. रॅमसी यांनी आपल्या निर्णयाचे जाहीर विश्लेषण कधी मोकळेपणाने केले नाही. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो; त्यांच्या पुढच्या तीन वर्षांत हे दिसत गेले.

१९७२ च्या एप्रिलमध्ये युरोपीय स्पर्धेत पश्चिम जर्मनी वेम्बलीवर आले आणि गुंटर नेट्झरच्या बहारदार खेळाच्या जोरावर ३-१ असे जिंकून गेले. नेट्झरला अडवायला मध्यफळीत कोणी नेमलेच नव्हते. पंधरवड्याने बर्लिनला रॅमसी यांनी हंटर आणि पीटर स्टोरी असे आडदांड खेळाडू उतरवले. दोन गोलांची तूट भरून काढायची असताना सामना ०-० असा सुटला. चुकीची दुरुस्ती केली खरी, पण चूक ज्या सामन्यात झाली होती तो केव्हाच संपला होता.

मग आला पोलंडचा प्रश्न. १९७४ च्या विश्वचषकाच्या पात्रता गटात वेल्स, पोलंड आणि इंग्लंड हे तीनच संघ होते. १९७३ च्या जूनमध्ये खोजूफ येथे पोलंडने २-० असे हरवल्यामुळे १७ ऑक्टोबरला वेम्बलीवर इंग्लंडला जिंकण्यावाचून गत्यंतर नव्हते. तीन आठवड्यांपूर्वी ऑस्ट्रियाला ७-० असे लोळवणारेच अकरा खेळाडू रॅमसी यांनी कायम ठेवले. मूरला वगळलेले असल्याने कर्णधार होता पीटर्स. बेलही होता, हंटरही. लेऑनच्या दोन बदलांतली तीन माणसे आता एकत्र मैदानात होती, हा निव्वळ योगायोग; पण इतिहासाला असे योगायोग आवडतात.

इंग्लंडने त्या रात्री आक्रमणाचा अक्षरशः पाऊस पाडला. पोलंडचा गोलरक्षक यान तोमाशेव्स्की, ज्याची सामन्यापूर्वी दूरचित्रवाणीवर ब्रायन क्लफ यांनी विदूषक म्हणून टर उडवली होती, तो हाताने, पायाने, गुडघ्याने, जमेल तसा चेंडू अडवत राहिला. ५७ व्या मिनिटाला बगलेजवळ एरवी न चुकणारा हंटर चेंडू काढून घेण्यात चुकला आणि त्या प्रतिहल्ल्यातून दोमार्स्कीने पोलंडचा गोल केला. ६३ व्या मिनिटाला पीटर्सला पाडल्याबद्दल पेनल्टी मिळाली. ॲलन क्लार्कने बरोबरी साधली. अजून २७ मिनिटे होती आणि एक गोल हवा होता.

या सत्तावीस मिनिटांत रॅमसी यांनी काय केले? जवळजवळ काहीच नाही. बाकावर केव्हिन कीगनसारखा चपळ, जिद्दी आघाडीवीर बसला होता. शेजारी बसलेला मूर, ज्याच्याइतका खेळ वाचणारा दुसरा इंग्रज खेळाडू त्या पिढीत नव्हता, कोणाला तरी उतरवा म्हणून त्यांना विनवत होता, हे त्याने पुढे स्वतः सांगितले. रॅमसी पाहत राहिले. त्यांच्या बाजूने बोलायचे तर संघ वाईट खेळत नव्हता. दर दोन मिनिटांनी गोल होणार असे वाटत होते, आणि लय लागलेल्या संघाला हात लावू नये हे शहाणपण जुनेच आहे. लेऑनला त्यांनी चालती गाडी थांबवली होती आणि तिचे काय झाले ते पाहिले होते. अखेर दोन मिनिटे उरली असताना त्यांनी मार्टिन चिव्हर्सला बोलावून घेतले आणि डर्बी काउंटीच्या केव्हिन हेक्टरला, इंग्लंडकडून कधीही न खेळलेल्या माणसाला, मैदानात पाठवले. आत येताच एका कॉर्नरवर हेक्टरच्या डोक्याला चेंडू लागला, गोलरेषेवर अडला, आणि सामना १-१ असा संपला. त्या एका क्षणानेच कळते की ताज्या माणसासाठी जागा होती. त्याला फक्त वीस मिनिटे आधी यायला हवे होते.

लेऑनला बदल करण्यात जोखीम होती, हे सर्वांना दिसले. वेम्बलीला बदल न करण्यातही तेवढीच जोखीम होती, ती मात्र सहज दिसत नाही. बाकावर स्वस्थ बसलेला प्रशिक्षक निर्णय टाळतो आहे असे वाटते. प्रत्यक्षात तो दर मिनिटाला, आहे तेच चालू ठेवण्याचा निर्णय घेत असतो. रॅमसी यांच्या टीकाकारांनी त्यांना एकदा धाडसासाठी आणि एकदा भित्रेपणासाठी झोडले. दोन्ही वेळी त्यांच्याकडून निसटली ती एकच गोष्ट, नेमकी कोणती जागा थकली आहे आणि कोणते पाऊल अडले आहे ही नोंद. ती सामन्याआधी त्यांच्याइतकी कोणी घेत नसे. खेळ चालू असताना मात्र ती त्यांना साधत नव्हती. पोलंड पुढच्या उन्हाळ्यात विश्वचषकात तिसऱ्या क्रमांकावर आले, म्हणजे हरवणारा संघ सामान्य नव्हता. पण तोवर इंग्लंडमध्ये कोणी तो हिशेब करायला तयार नव्हते.

१९७३ च्या नोव्हेंबरात इटली वेम्बलीवर १-० असे जिंकली. १९७४ च्या एप्रिलमध्ये लिस्बनला पोर्तुगालशी झालेला ०-० असा सामना हा रॅमसी यांचा शेवटचा. १ मे रोजी त्यांना पदावरून दूर केल्याचे जाहीर झाले. संघटनेतले सर हॅरल्ड थॉम्प्सन यांचे आणि त्यांचे जुने वितुष्ट होते. पोलंडच्या निकालाने त्यांना निमित्त दिले. विश्वविजेत्या प्रशिक्षकाला देशाने दिलेली बिदागी आणि निवृत्तिवेतन, दोन्ही तुटपुंजी होती. रॅमसी यांनी त्यावर जाहीर गाऱ्हाणे केले नाही.

पुढे १९७७-७८ मध्ये काही महिने त्यांनी बर्मिंगहॅम सिटीचा संघ सांभाळला, नंतर थोडा काळ ग्रीसमधील पॅनाथिनाइकोस क्लबला सल्ला दिला. बाकीचे आयुष्य पत्नी व्हिक्टोरिया यांच्यासह इप्सविचच्या एका साध्या घरात गेले. मोठ्या सामन्यांच्या निमंत्रणांपासून ते शक्यतो दूर राहत. उतारवयात स्मृतिभ्रंशाने गाठले. १९९८ च्या जूनमध्ये, फ्रान्समधील विश्वचषक सुरू होण्याच्या तोंडावर, पक्षाघाताचा झटका आला आणि २८ एप्रिल १९९९ रोजी वयाच्या ७९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. इप्सविचच्या पोर्टमन रोड मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे आणि मैदानालगतच्या रस्त्याला त्यांचे नाव दिलेले आहे.